दुसरं नाव दिलं म्हणजे प्रत झाली नाही

आयफोनची ॲप बनवायला शिकणाऱ्या पणजीतल्या मुलांकडून एक समज वरचेवर ऐकू येतो: कोअर डेटातला (ॲपमधली माहिती साठवायची ॲपलची यंत्रणा) ऑब्जेक्ट, म्हणजे एक नोंद, दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवला की त्याची प्रत होते. तसं होत नाही. दोन्ही नावं एकाच ऑब्जेक्टची. चवथीच्या माटोळीच्या (गणपतीवर टांगायची फळा-पानांची सजावट) सामानाची गेल्या वर्षीची यादी अशी 'कॉपी' करून वर्ष बदललंत, तर जुन्या यादीचंच वर्ष बदलतं. कॉपी मेथड वापरली तर ॲप कोसळतं. एनएसमॅनेज्डऑब्जेक्टमध्ये, म्हणजे कोअर डेटातल्या ऑब्जेक्टच्या क्लासमध्ये, ती सोयच नाही.

खऱ्या प्रतीसाठी कॉन्टेक्स्टमध्ये (कोअर डेटाचे ऑब्जेक्ट जिथं हाताळले जातात ती जागा) नवा ऑब्जेक्ट घालून एकेक ॲट्रिब्यूट, म्हणजे नाव, वर्ष अशी माहिती, त्यात भरावा लागतो. ऑब्जेक्ट आयडी नवा मिळतो.

एवढ्यावर बरेचजण थांबतात, आणि घात होतो तो ऑब्जेक्टांमधल्या नात्यांत. नारळ, सुपारी, आंब्याचे टाळे यांतली प्रत्येक नोंद एकाच यादीची असू शकते, असं मॉडेल असेल आणि त्याच नोंदी नव्या यादीला जोडल्या, तर त्या तिकडे सरकतात. जुनी यादी रिकामी! म्हणून नोंदींच्याही प्रती करा. 'फळं', 'फुलं' हे प्रकार मात्र सामायिक असतात, त्यांना फक्त जोडा. आणि स्वतः ठेवलेला यूयूआयडी (प्रत्येक नोंदीचा वेगळा ओळख-क्रमांक) असेल, तर तो उतरवू नका, नवा द्या.