दत्तकोत्तर साहाय्य सेवा (कोकण किनारपट्टी)

दत्तकोत्तर साहाय्य सेवा : मूल दत्तक घरी आल्यानंतर ते मूल, दत्तक पालक आणि प्रसंगी जन्मदाते यांना मिळणारे समुपदेशन, वैद्यकीय सल्ला, कायदेशीर मार्गदर्शन व अभिलेखविषयक मदत यांस ही संज्ञा लावतात. ठराविक मुदतीतील गृहभेटी व त्यांचे अहवाल, म्हणजे नियमांतील पाठपुरावा, हा या सेवेचा केवळ आरंभीचा भाग होय. व्यवहारात मात्र पाठपुरावा संपला की सेवा संपली असेच धरले जाते. पालघर ते सिंधुदुर्ग या किनारपट्टीच्या संदर्भात हा भेद महत्त्वाचा ठरतो, कारण कुटुंबापुढील अवघड प्रश्न बहुधा ती मुदत उलटल्यावरच उभे राहतात.

पूर्वपीठिका : कोकणात दत्तक म्हणजे दीर्घकाळ वारसासाठी केलेले दत्तविधान होते आणि कौटुंबिक कायद्याचा आधारग्रंथ किनाऱ्याच्या दोन टोकांना एकच नव्हता. ब्रिटिश अमदानीतील न्यायालयांनी मुंबई बेट व उत्तर कोकण येथे नीलकंठभट्टांच्या व्यवहारमयूखास (सु. सतरावे शतक), तर रत्नागिरीकडे विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेस अग्रमान दिला. या दोहोंमधील सीमा नेमकी कोठे, हा प्रश्न बराच काळ वादाचा राहिला. उरणजवळच्या करंजा येथे मयूखाचे प्राधान्य मान्य झाले, पुढे, सु. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, मुंबई उच्च न्यायालयाने हा मान चौल व नागोठणे यांच्या दक्षिणेस नेता येत नाही असे ठरवून महाड मिताक्षरेच्या बाजूस घातले. हा भेद मुख्यतः वारसाक्रमाचा होता. दत्तकाबाबत दोन्हीकडे मुंबई संप्रदायाचा (हिंदू कायद्याच्या मुंबईकडील शाखेचा) तुलनेने उदार नियम चाले, त्यामुळे विधवेस पतीची स्पष्ट अनुज्ञा नसतानाही सामान्यतः दत्तक घेता येई आणि विवाहित पुरुषही दत्तक जाऊ शके. दत्तक गेलेल्याचे जन्मघराशी असलेले गोत्र व रिक्थ (वारसाहक्काची मालमत्ता) यांचे नाते तुटे. द्व्यामुष्यायण हा त्यास अपवाद, कारण त्यात पुत्र दोन्ही पित्यांचा मानला जाई. जन्मदात्यांशी संबंध राखणाऱ्या आजच्या दत्तकाचे मूळ येथे शोधण्याचा मोह होतो, परंतु ते पटण्याजोगे नाही. द्व्यामुष्यायण हा दोन पित्यांमधील पिंड व मालमत्ता यांविषयीचा करार होता आणि ‘मी कोठून आलो’ या मुलाच्या प्रश्नाला त्यात स्थान नव्हते.

कायदेशीर चौकट : मुलाच्या हिताला केंद्रस्थानी ठेवणारी देखरेख भारतात प्रथम आंतरदेशीय (एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या) दत्तकाच्या निमित्ताने आली. लक्ष्मीकांत पांडे प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने (१९८४) परदेशी गेलेल्या मुलांचे प्रगती अहवाल मागवण्याची पद्धत घालून दिली. दत्तकोत्तर सेवांच्या विकासास चालना देण्याचे कर्तव्य आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या १९९३ च्या हेग कराराच्या नवव्या अनुच्छेदात सांगितले असून भारताने तो करार २००३ मध्ये अनुसमर्थित केला. देशांतर्गत दत्तकासाठी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या (कारा) नियमांनुसार दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा अहवाल तयार होतो आणि मूल व पालक यांचे जुळत नसल्यास समुपदेशनाची व्यवस्था करावी लागते. ही दोन वर्षे दत्तक आदेशापासून नव्हे, तर मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी पालकांच्या हाती दिल्याच्या तारखेपासून मोजली जातात. आदेश पूर्वी न्यायालय देत असे; बाल न्याय कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हा दंडाधिकारी देतात. आदेशास विलंब झाल्यास पाठपुराव्याचा काही काळ दत्तक कायद्याने पूर्ण होण्याआधीच सरतो, ही या मोजणीतील उणीव आहे.

या चौकटीबाहेर मोठा वर्ग राहतो. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ अन्वये दत्तकपत्र करून नात्यातले मूल मांडीवर घेण्याची रीत चालू आहे. बाल न्याय कायदा, २०१५ याच्या कलम ५६ प्रमाणे त्या कायद्याच्या तरतुदी अशा दत्तकास लागू होत नाहीत, म्हणून या कुटुंबांकडे गृहभेटीस कोणी येत नाही. वास्तविक येथे मार्गदर्शनाची गरज अधिक नाजूक असते, कारण जन्मदाती आई अनेकदा त्याच वाडीत काकू किंवा आत्या म्हणून वावरत असते. कोकणी मुसलमान, वसईचे ख्रिस्ती व रायगड किनाऱ्यावरील बेने इस्राएल यांना पूर्वी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्व मिळे. बाल न्याय कायद्याखालील दत्तक कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले.

किनारपट्टीवरील स्वरूप : एक वर्षाचे मूल घरी आले तर पाठपुरावा संपतो तेव्हा ते तीन वर्षांचे असते आणि प्रश्न विचारण्याचे वय त्यानंतर सुरू होते. दत्तकाची गोष्ट मुलाला लहानपणापासून, पालकांच्याच तोंडून कळावी, असा समुपदेशकांचा सर्वसाधारण आग्रह आहे. गणपतीला वा शिमग्याला चाकरमानी मूळ घरी जमतात, तेव्हा नातलगांच्या बोलण्यातून ती अवचित फुटण्याचा संभव असतो. म्हणून आजी-आजोबा व भावकी यांनाही विश्वासात घेणे हा येथील समुपदेशनाचा भाग ठरतो. थोड्या मोठ्या वयात आलेल्या, हिंदी बोलणाऱ्या मुलाला मालवणी किंवा संगमेश्वरी बोलीच्या घरात रुळण्यास वेळ लागतो. हा हट्टीपणा नव्हे, हे शिक्षकांना समजावून सांगावे लागते.

तज्ज्ञ समुपदेशन मुख्यतः मुंबई-ठाणे परिसरात एकवटले आहे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाल्याने प्रवास सुकर झाला, तरी वेंगुर्ले किंवा राजापूरच्या कुटुंबाला तासाभराच्या भेटीसाठी एक-दोन दिवस मोडावे लागतात. स्थानिक पातळीवर जिल्हा बाल संरक्षण कक्ष व जिल्हा रुग्णालय हे मुख्य आधार होत.

मालमत्तेचा प्रश्न कोकणात वेगळ्या तीव्रतेने येतो, कारण समाईक सातबाऱ्यावर अनेक पिढ्यांची नावे असतात. दत्तक मूल सर्व बाबतींत दत्तक पालकांचेच ठरते. मात्र दत्तकापूर्वी इतर कोणाकडे निहित झालेली मालमत्ता ते काढून घेऊ शकत नाही. वारस नोंदीच्या वेळी आक्षेप येण्याची शक्यता धरून दत्तक आदेश वा दत्तकपत्राची साक्षांकित प्रत पालकांच्या हयातीतच जपून ठेवण्याचा सल्ला द्यावा लागतो.

मूळ शोध : अठरा वर्षे पूर्ण झालेली दत्तक व्यक्ती आपल्या जन्माविषयीच्या माहितीसाठी स्वतः अर्ज करू शकते, त्याहून लहान मुलाने तो दत्तक पालकांसह करावयाचा असतो. त्रयस्थामार्फत, मुखत्यारपत्रानेही, हा शोध घेता येत नाही. मूल समर्पित करताना जन्मदात्यांनी आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली असल्यास त्यांची संमती घ्यावी लागते. ती नाकारली गेली किंवा ते सापडले नाहीत, तर कोणत्या कारणाने व परिस्थितीत मूल समर्पित केले गेले, एवढे अर्जदारास सांगितले जाते.