हार्ली परत का जाते?

बॅटमॅनचा शत्रू जोकर. त्यानं खिडकीबाहेर ढकललेली त्याचीच प्रेयसी आणि साथीदार हार्ली क्विन खाली पडलेली असते. त्या अवस्थेतही ती पुटपुटते, की चूक माझीच, मला विनोदच कळला नाही. मग तिची रवानगी अर्खमच्या मनोरुग्णालयात. तिथे पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत ती स्वतःला बजावत असते, की आता पुरे, हा माणूस खुनी आहे, नालायक आहे. तेवढ्यात खोलीत ठेवलेलं फूल तिला दिसतं. सोबत चिठ्ठी: लवकर बरी हो. खाली सही म्हणून नुसता ‘जे’. झालं! बाईंचा चेहरा खुलतो.

१९९९ साली दाखवलेला बॅटमॅनच्या कार्टून मालिकेचा हा भाग पाहून बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघतं: ‘एवढं होऊनही?’ शेजारची, नात्यातली कुणी मार खाऊन पुन्हा त्याच घरात गेली, की आपण हेच म्हणतो. प्रश्न चुकीचा नाही, पण आपलं सगळं लक्ष ढकलण्याकडे असतं. पाहायला हवं ते त्या फुलाकडे.

घरातलंच उदाहरण घ्या. दिव्याचं बटण दाबलं आणि दिवा लागला नाही, तर आपण दोनदा-तीनदा दाबून पाहतो आणि सोडून देतो. तोच गॅसचा जुना लायटर. कधी पहिल्या खटक्याला पेटतो, कधी दहाव्या. तो पार निकामी झाला तरी आपण खटखट करतच राहतो, कारण न पेटणं ही त्याची नेहमीचीच सवय. बिघडला हे कळायलाच वेळ लागतो.

बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवर हेच तपासलं आणि १९५७ साली ते सविस्तर मांडलं. चोच मारली की दर वेळी दाणा मिळणारं कबूतर दाणा बंद झाल्यावर लवकर थांबतं. कधी मिळतो, कधी नाही, अशा हिशेबावर वाढलेलं मात्र कितीतरी वेळ चोच मारत राहतं. याला आंशिक प्रबलन म्हणतात, म्हणजे दर वेळी नव्हे, अधूनमधून मिळणारं बक्षीस. मटक्याचा अड्डा चालतो तो याच जोरावर.

आता माणूस म्हणजे कबूतर नव्हे, हे मान्य. पण डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मांडलं, की छळणाऱ्याशी घट्ट बांधलं जायला दोन गोष्टी लागतात: एकाच्या हातात सगळी सत्ता, आणि आलटून-पालटून मिळणारा मार आणि माया. रोजच मार खाणाऱ्याला निदान पुढे काय होणार ते ठाऊक असतं. मारामध्ये मधूनच माया मिसळली, की मन त्या मायेची वाट पाहत बसतं. त्यांनी नात्याला रबराची उपमा दिली होती. दूर जावं तसा ताण वाढतो, मग फट्‌कन मागे.

हार्लीच्या बाबतीत सत्तेचा तराजू सुरुवातीला उलटा होता, ही मला या पात्रातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. ती अर्खममधली मानसोपचारतज्ज्ञ, तो तिचा रुग्ण. बापानं मारलं, असं काहीबाही सांगून त्यानं तिला विरघळवलं. ते किस्से तो माणसागणिक बदलून सांगतो, हे पुढे बॅटमॅन तिला सांगतो. तिला ते पटत नाही. रुग्णाबद्दल डॉक्टरच्याच मनात भावना उसळणं हे फ्रॉइडनं १९१० मध्येच हेरून ठेवलं होतं. म्हणजे शिकल्यासवरल्या माणसाला हे होत नाही, या समजुतीत काही अर्थ नाही.

गंमत म्हणजे हे पात्र कायमचं ठेवायचं ठरलंच नव्हतं. १९९२ मध्ये मालिकेचे कर्ते पॉल डिनी आणि ब्रूस टिम यांनी ते एका भागापुरतं घेतलं होतं. पण ती टिकली, आणि मालिका या जोडीकडे पुन्हा पुन्हा वळत गेली. १९९४ च्या एका भागात तिला कळतं, की जोकर शहरावर बॉम्ब टाकून मला मागे सोडून जाणार होता. ती चिडून त्याच्यावर बंदूक रोखते, चापही ओढते. नळीतून बाहेर येते ती खेळण्यातली पाटी. तो खूश, आणि लगेच गळामिठी! हसू येतं, पण ते गळ्याशी अडकतं.

सुटका कशी होते, याचा धागा मात्र १९९३ पासूनच मालिकेत आहे. जोकरनं हाकलल्यावर हार्लीला पॉयझन आयव्ही ही बॅटमॅनची आणखी एक शत्रू भेटते आणि दोघी मिळून चोऱ्यांचा धडाका लावतात. बाई त्याच्याविना मजेत जगू शकते, हे तिला पहिल्यांदा दिसतं. तरी शेवटी अर्खममध्ये तिला त्याचीच आस. आयव्ही वैतागून तिच्या तोंडावर चिखल फेकते.

त्याच वर्षी डटन आणि पेंटर यांचा छळाच्या नात्यातून बाहेर पडलेल्या ७५ बायकांचा अभ्यास छापून आला. सहा महिन्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा ओढ कमी झाली होती, संपली नव्हती.

२०१९ मध्ये हार्लीच्या नावानं वेगळीच मालिका सुरू झाली. तिथेही ती आधी वर्षभर अर्खममध्ये त्याची वाट पाहते. ‘तो येणार नाही’ हे तिला सांगणारी आयव्हीच असते. २०२० मध्ये दुसऱ्या पर्वात हार्ली प्रेमात पडते ती याच आयव्हीच्या, चिखल फेकणारीच्या.