सोडा नाही, लोणी नाही, तरी बाहुलू फुगतो कसा?

अंडी, साखर आणि मैदा. मलेशिया आणि सिंगापूरमध्ये ईदला, चिनी नववर्षाला घरोघरी होणाऱ्या बाहुलू नावाच्या चिमुकल्या स्पंज केकात मुळात एवढंच असतं. बेकिंग पावडर नाही, सोडा नाही, लोणी किंवा तेलही नाही. आकार लिंबाएवढा, कडा फुलाच्या पाकळ्यांसारख्या. काही साचे माशाच्या आकाराचेही असतात. वरून खरपूस तपकिरी, आतून पिवळा आणि जाळीदार.

नावाची गोष्ट आपल्या दारावरूनच जाते. पोर्तुगीज भाषेत केकला 'बोलो' म्हणतात. पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी, १५११ मध्ये, आजच्या मलेशियातलं मलाक्का बंदर. तिकडे या शब्दाचं 'बोलू' आणि 'बाहुलू' झालं. इकडे गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत 'बोल' आणि नाताळातले 'बोलिन्हास' राहिले. पदार्थ वेगळे झाले, कारण गोव्यात त्यात नारळ आला, पण शब्दाचं मूळ एकच.

पहिल्यांदा बाहुलू करायला घेतले तेव्हा माझा एकही फुगला नाही. तळाला चिवट, पिवळी चकती आणि वर कोरडी भुसभुशीत टोपी! कृती सोपी आणि जिनसा तीनच, मग चुकलं कुठे, हे शोधता शोधता मी अंड्याच्या फेसापर्यंत पोहोचले. खरी गंमत तिथेच आहे.

अंड्याच्या पांढऱ्यात जवळजवळ ८८ टक्के पाणी असतं आणि १० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. या प्रथिनांचे रेणू लोकरीच्या गुंड्यांसारखे गुंडाळलेले असतात. फेटताना त्यांना ओढ बसते आणि ते उलगडतात. उलगडलेल्या रेणूचा काही भाग पाण्याला धरून राहतो, काही भाग पाणी टाळतो आणि हवेकडे वळतो. त्यामुळे ते हवेच्या बुडबुड्याभोवती रांग लावून उभे राहतात, एकमेकांत अडकतात आणि बुडबुड्याला कातडी मिळते. बाहुलूत मात्र पिवळा बलकही असतो आणि बलकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा स्निग्ध. स्निग्धता फेसाची वैरीण, म्हणून अख्ख्या अंड्याचा फेस लवकर येत नाही. त्यावर उपाय दोन: ऊब आणि चिकाटी. भांडं कोमट पाण्यावर धरलं की अंडं पातळ होतं, साखर विरघळते, प्रथिनं लवकर उलगडतात. हाताने फेटायचं तर अर्धा तास सहज जातो. विजेच्या बीटरने आठ-दहा मिनिटं लागतात.

फेटताना रंगाकडे नीट पाहा. गडद पिवळं मिश्रण हळूहळू सायीच्या रंगाचं होतं. बलक कुठे गेला नाही की कमीही झाला नाही. मिश्रणात आता इतके बारीक बुडबुडे आहेत की प्रकाश प्रत्येकाच्या पृष्ठभागावरून वळतो, विखुरतो आणि डोळ्यांपर्यंत पांढुरका होऊन येतो. बीटर उचलल्यावर पडणारी धार मिश्रणावर चार-पाच सेकंद तशीच रेघेसारखी दिसत राहिली, की फेस तयार झाला असं समजावं.

मैदा घालण्याआधी तिकडच्या बायका तो कोरड्या कढईत मंद आचेवर परततात, काही जणी त्यात पांदान या सुवासिक वनस्पतीच्या पानाचा तुकडाही टाकतात. मैद्यात १२ ते १४ टक्के ओल असते. ती गेली की मैदा मोकळा होतो, चाळणीतून धुळीसारखा उतरतो आणि फेसात गुठळ्या होत नाहीत. शिवाय उष्णतेने त्यातली काही प्रथिनं आधीच निकामी होतात, त्यामुळे ग्लुटेनचा, म्हणजे मैदा भिजल्यावर तयार होणाऱ्या प्रथिनांच्या जाळ्याचा, चिवटपणा कमी येतो. रंग बदलू द्यायचा नाही आणि पूर्ण गार केल्याशिवाय वापरायचा नाही. मग हलक्या हाताने कट अँड फोल्ड, म्हणजे न फेटता कापत-दुमडत मिसळायचं.

एक जुनी सवय मला फार शहाणपणाची वाटते. सगळ्या फेसात एकदम मैदा घालत नाहीत; एका घाण्यापुरता फेस वेगळा काढून त्यातच मैदा मिसळतात. फेस थांबत नाही, हे त्यामागचं कारण. लहान बुडबुड्यात दाब जास्त असतो, मोठ्यात कमी, म्हणून लहानांतली हवा झिरपत मोठ्यांत जाते. लहान नाहीसे होतात, मोठे वर येऊन फुटतात. मैद्याच्या वजनाने हे आणखी वेगाने होतं. माझा पहिला घाणा बसला त्यामागे हेच होतं: पीठ तयार करून मी ओव्हन तापायची वाट बघत बसले होते.

आता फुगण्याचं गणित. हवा ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापली तर ती जेमतेम २३ टक्के प्रसरण पावते. नुसत्या हवेच्या भरवशावर बाहुलू फार वर येणार नाही. खरं काम वाफ करते. ९० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ७० टक्के असतो. म्हणजे बुडबुड्यातल्या एकूण दाबापैकी ७० टक्के वाफेने उचलला, तर आतल्या हवेच्या वाट्याला ३० टक्केच उरतो, आणि तेवढ्या कमी दाबाला येण्यासाठी तीच हवा तिपटीहून जास्त जागेत पसरावी लागते. प्रत्यक्षात काही बुडबुडे फुटतात, भिंती घट्ट होतात, म्हणून इतकी वाढ होत नाही. पण बेकिंग पावडरीवाचून केक का फुगतो, याचं उत्तर इथे आहे. बुडबुडे आधी हजर असले की वाफेला शिरायला जागा मिळते.

यात वेळेची मोठी चढाओढ आहे. भिंती फार लवकर घट्ट झाल्या तर केक फुगणार नाही, उशीर झाला तर फुगून बसेल. पांढरं ६० अंशांच्या पुढे घट्ट होऊ लागतं, पण भरपूर साखरेमुळे हे तापमान बरंच वर सरकतं, मैद्यातला स्टार्चही उशिरा फुलतो. साखर इथे गोडीसोबत फुगायला मुदतही देते. गोड कमी हवं म्हणून ती निम्मी केली, तर केक बसका का होतो ते यावरून कळेल.

आणि म्हणूनच साचा आधी तापलेला हवा. बाहुलूचा पारंपरिक साचा, आचुआन, जड पितळेचा असतो. पितळ बिडाच्या साधारण दुप्पट वेगाने उष्णता वाहून नेतं. सिलिकोन मात्र पितळेच्या शेकडो पट मंद, त्यात बाहुलू पांढराफटक राहतो. खाली निखारे, झाकणावरही निखारे. गोव्यात बेबिंक्याचा प्रत्येक थर असाच वरच्या विस्तवावर भाजतात, आणि माझी आजी धोंडसाच्या पातेल्यावर झाकणात निखारे ठेवायची, ते मला अजून दिसतं. दोन्हीकडून धग लागली की कवच झटकन धरतं आणि आतली वाफ मधला भाग घुमटासारखा वर उचलते.

घरी आचुआन नसेल तर बिडाचं आप्पेपात्र वापरा. लाकडी किंवा प्लॅस्टिकची मूठ असेल तर ते ओव्हनमध्ये घालू नका, आणि नॉनस्टिक पात्र रिकामं कडक तापवू नका. तीन अंडी, १२० ग्रॅम साखर, १२० ग्रॅम परतलेला मैदा. ओव्हन २०० अंशांवर, त्यात पात्र दहा मिनिटं तापवायचं, तेलाचा बोळा फिरवायचा आणि प्रत्येक खळगा पाऊण भरेल एवढं पीठ घालायचं. पिठाचा थेंब पडताच चुर्र आवाज यायला हवा. आठ-दहा मिनिटांत रंग येतो.

बाहेर काढल्यावर सुईने अलगद सोडवून जाळीवर ठेवा. भाजताना शेवटी बुडबुड्यांच्या भिंतींना भोकं पडतात आणि सगळे कप्पे एकमेकांना जोडले जातात. फेसाचा स्पंज होतो तो याच क्षणी. वाफ निवून आकसते तेव्हा त्या भोकांतून बाहेरची हवा आत येते, म्हणून केक टिकून राहतो. पुरेसा भाजला नसेल तर कप्पे बंदच राहतात आणि तो डोळ्यांदेखत खाली बसतो.

तिकडे बाहुलू काळ्या कॉफीत बुडवून खातात. एक कड कपात टेकवा: त्याच जोडलेल्या भोकांतून कॉफी वर चढताना दिसते, आणि दोन सेकंदांत अर्धा केक भिजलेला असतो.