संशयात पडलेल्यांसाठी यहूदाचं एक वचन

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी ख्रिस्ती प्रार्थनासभांमध्ये संशयाचा विषय निघाला, की तो बहुधा जिंकून झालेल्या लढाईची साक्ष म्हणून निघतो. अजून न सुटलेली शंका उभं राहून सांगायची सोय नसते. पाळकांना विचारावं तर पुढच्या आठवड्यात आपल्याच नावाने प्रार्थना होणार, ही धास्ती. मग माणूस घरी एकट्याने बायबल उघडतो. हे एकट्याचं वाचन इथे नवं नाही.

मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, 1811 साली श्रीरामपूरला छापला गेला. त्या कामामागे विल्यम कॅरी होते आणि त्यांच्याबरोबर वैजनाथ पंडित. 1820 साली लंडन मिशनरी सोसायटीने बेळगावात ठाणं उघडलं आणि पुढे शाळा आल्या. त्यामुळे अनेकांच्या हाती बायबल पडलं ते विश्वासणारे म्हणून नव्हे, तर विद्यार्थी म्हणून. म्हणजे पुस्तक आधी आलं, श्रद्धा मागाहून. काहींच्या बाबतीत आलीच नाही.

बाबा पदमनजी अशाच शाळेतले. 1831 साली बेळगावात कासार कुटुंबात जन्म, पुढचं शिक्षण मुंबईत. तिथे ते परमहंस सभेत होते. जात मोडायची, पण गुप्तपणे, असा त्या सभेचा खाक्या. एकीकडे बायबल पटत होतं, दुसरीकडे घर सुटत नव्हतं. 1854 साली बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्याआधी कित्येक वर्षं हे हो-नाही चाललं होतं. 1888 च्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी ही घालमेल झाकून ठेवली नाही. पुढे नव्या करारावर मराठीत भाष्य लिहिलं ते याच माणसाने. आपल्याकडे त्यांच्या बाप्तिस्म्याचं कौतुक होतं. त्याआधीच्या वर्षांबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि मला तर तीच जास्त मोलाची वाटतात.

घरी वाचणाऱ्याला पहिल्यांदा भेटतो तो बहुतेक याकोब, नव्या करारातल्या एका पत्राचा लेखक. संशय धरणारा वाऱ्याने लोटलेल्या समुद्राच्या लाटेसारखा आहे, त्याला प्रभूकडून काही मिळेल असं त्याने समजू नये, असं तो लिहितो. उपदेशात हे वचन फार वापरलं जातं. पण वाचन तिथे थांबलं नाही तर चित्र बदलतं. मत्तय 11 मध्ये बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगातून निरोप पाठवतो: येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? ज्याने यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा केला, त्याचाच हा प्रश्न! येशू रागावत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, एवढं सांगून पाठवतो. आणि निरोप्ये गेल्यावर लोकांपुढे योहानाची थोरवी गातो. शिष्य थोमा पुनरुत्थित येशूच्या जखमा पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणाला, तरी आठ दिवसांनी तो इतर शिष्यांबरोबर त्याच घरात होता. त्याला कुणी बाहेर काढलं नव्हतं. मत्तयाच्या शेवटी, गालीलातल्या डोंगरावर, शिष्य नमन करतात आणि त्याच ओळीत काहींना संशय वाटतो.

सगळ्यांत कमी वाचलं जातं ते यहूदाचं पत्र. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या, प्रकटीकरणाच्या, आधीची जेमतेम 25 वचनं. त्यातलं 22 वं म्हणतं: जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा. खोट्या शिक्षकांवर विजेसारखं कडाडणारं हे पत्र इथे एकदम मऊ होतं.

हा यहूदा (येशूला धरून देणारा तो नव्हे) स्वतःला याकोबाचा भाऊ म्हणवतो. परंपरेप्रमाणे दोघेही येशूचे भाऊ. मार्क 6:3 मध्ये दोघांची नावं आहेत. योहान 7:5 मात्र सांगतं, की येशूच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. परंपरा खरी धरली तर लाटेचं कठोर वचन लिहिणारा आणि दयेचं वचन लिहिणारा, दोघेही एके काळी न मानणारे होते. पुढे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात हेच भाऊ माडीवरच्या खोलीत प्रार्थनेला बसलेले दिसतात. याकोबाला पुनरुत्थित येशूचं दर्शन झालं, असं प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात म्हणतो. यहूदाला तसं काही वेगळं दर्शन झाल्याचं शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही.