दस्तऐवजांची पोस्टद्वारे देवाणघेवाण

अहवाल, मसुदे, तक्ते अशी कामाची कागदपत्रे ईमेलला जोडून प्रत्येकाला पाठवण्याऐवजी संस्थेच्या अंतर्गत समाजमाध्यमावर एका पोस्टसोबत ठेवण्याची पद्धत. फाइल एकाच जागी राहते, सहकाऱ्यांना मिळते ती तिची लिंक, आणि चर्चा पोस्टखालीच चालते.

ईमेलला फाइल जोडण्याची आजची रीत १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या माइम या मानकातून रूढ झाली. नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड हे त्याचे कर्ते. ईमेलची मूळ रचना साध्या मजकुरापुरती असल्याने फाइलचे अक्षरांत रूपांतर करावे लागते. बेस६४ पद्धतीत ३ बाइटांची ४ अक्षरे होतात, म्हणजे फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते. खरी डोकेदुखी मात्र आकाराची नसून प्रतींची. १० जणांना मसुदा धाडला की त्याच्या १० प्रती झाल्या. त्यांतल्या तिघांनी आपापल्या दुरुस्त्या करून परत पाठवल्या, की कोणती प्रत खरी मानायची हे ठरवणे हेच वेगळे काम होऊन बसते. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नक्की’ ही फाइलनावे त्यातूनच जन्मली.

यॅमर (२००८) आणि सेल्सफोर्स कंपनीचे चॅटर (२०१०) या अंतर्गत समाजमाध्यमांनी कार्यालयात पोस्ट, प्रतिक्रिया आणि अनुसरण आणले. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये यॅमर १२० कोटी डॉलरना विकत घेतले. त्याआधी, २०११ मध्ये, अ‍ॅटोस या फ्रेंच कंपनीचे तेव्हाचे प्रमुख थिएरी ब्रेताँ यांनी तीन वर्षांत अंतर्गत ईमेल शून्यावर आणण्याची घोषणा केली होती. ईमेल घटले, पण शून्य काही गाठले गेले नाही.

पोस्टमधील लिंक उघडताना वाचकाची परवानगी तपासली जाते, त्यामुळे ती नंतर काढूनही घेता येते. अटॅचमेंट एकदा गेली की गेली. नव्याने रुजू झालेल्याला जुनी चर्चा वाचता येते, हाही मोठा लाभ. परंतु फाइल नेमकी कुठे साठते, याकडे सहसा कोणी पाहत नाही. मायक्रोसॉफ्ट टीम्स या कार्यालयीन संवादाच्या अ‍ॅपमध्ये चॅनेलवर टाकलेली फाइल शेअरपॉइंट या सामायिक साठ्यावर जाते, तर खासगी चॅटमधली पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्ह या वैयक्तिक साठ्यावर. तो नोकरी सोडून गेला, खाते काढून टाकले गेले आणि फाइल वेळीच हलवली नाही, तर ठरावीक मुदतीनंतर तीही नाहीशी होते. कधी अख्खे व्यासपीठच गुंडाळले जाते: २०१६ मध्ये सुरू झालेले फेसबुकचे वर्कप्लेस बंद करत असल्याचे मेटाने २०२४ मध्ये जाहीर केले आणि ग्राहक संस्थांना आपला मजकूर बाहेर काढून घ्यावा लागला.

शिवाय पोस्ट नव्या पोस्टींखाली दबते. ती सर्वांनी वाचलीच असेल, असे धरून चालता येत नाही. सही झालेला करार, संस्थेबाहेरच्या पक्षाला द्यायची निविदा किंवा अमुक तारखेला अमुकच मजकूर दिला हे पुढे दाखवावे लागेल असा कागद यांसाठी न बदलणारी प्रत लागते. तिथे अटॅचमेंटच सोयीची ठरते.