स्थलांतरित मजूर हक्क-संघटन (नाशिक जिल्हा)

पोटासाठी गाव सोडणाऱ्या मजुरांनी मजुरी, रेशन, नोंदणी आणि वनजमीन यांसाठी चालवलेले स्थानिक संघटनकार्य. सुरगाणा, पेठ व त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे भातकापणी उरकली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत किंवा शहरातील बांधकामांवर ‘जगायला’ जातात. गिरणारे येथे मजुरांचा बाजारच भरतो. अंथरुणाची वळकटी, भांडी, कडेवर पोर. बागायतदार येतो, रोजाचा किंवा एकराचा भाव ठरतो आणि टोळी पिकअपमध्ये चढते. त्या घासाघिशीत सगळ्यांनी एकच दर धरून राहणे, हे संघटनेचे सर्वांत साधे रूप.

आरंभ कोठे धरावा, याविषयी दोन मते संभवतात. एक मत काळाराम मंदिर सत्याग्रहापासून (२ मार्च १९३०) सुरुवात करते. त्या लढ्यातील अग्रणी दादासाहेब गायकवाड यांनीच पुढे १९५९ व १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. दुसऱ्या मतानुसार १९४५ च्या सुमारास ठाणे जिल्ह्यात वारली वेठबिगारांनी केलेला उठाव आणि त्यातून वाढलेली शेतकऱ्यांची किसान सभा हे मूळ होय. आदिवासी तालुक्यांपुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र जमीन नसणे हेच गाव सुटण्याचे कारण, ही मांडणी पहिल्या परंपरेने ठसवली.

खरी अडचण ‘स्थलांतरित’ या शब्दाच्या व्याख्येत आहे. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा ठेकेदारामार्फत दुसऱ्या राज्यात नेलेल्या आणि पाच किंवा अधिक असे कामगार असलेल्या आस्थापनेतील मजुरांनाच लागू होता. गुजरातच्या डांगमधून निफाडला आलेला मजूर निदान राज्याची सीमा ओलांडतो; सुरगाण्याहून तेवढेच अंतर तोडून आलेली बाई कायद्याच्या लेखी स्थलांतरित ठरतच नव्हती. २०२० च्या कामगार संहितेने स्वतःहून आलेल्यांना व्याख्येत घेतले, पण राज्याच्या सीमेची अट राहिली. हा अन्याय क्षुल्लक नाही, कारण या जिल्ह्यातील बरेच हंगामी स्थलांतर जिल्ह्याच्या आतच घडते. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात मूळ गावाची अट नव्हती. परंतु नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि नाक्यावरच्या मजुराचा मालक रोज बदलतो. म्हणून दाखल्यासाठी एकत्र खेपा घालणे हे नाक्यांवरील कार्यकर्त्यांचे मुख्य काम झाले. बागेतील मजूर त्याही कायद्याबाहेर होते.

६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला किसान सभेचा मोर्चा सुमारे १८० किमी चालून १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानात पोहोचला. दहावीच्या परीक्षार्थींना अडथळा नको म्हणून शेवटचा टप्पा रातोरात कापला गेला. अनेकांच्या तळपायांची सालटी निघाली होती. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार वनपट्टे नावावर करा, ही प्रमुख मागणी. तिचा स्थलांतराशी थेट संबंध आहे : प्लॉट नावावर नसेल तर विहिरीसाठी कर्ज वा अनुदान मिळणे कठीण, आणि पाण्याविना दुसरे पीक नाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील परप्रांतीय कामगारांचा प्रश्न टाळेबंदीत ठळक झाला. १ मे २०२० ला जाहीर झालेल्या मजुरांना गावी नेणाऱ्या पहिल्या श्रमिक रेल्वेगाड्यांपैकी दोन, भोपाळ व लखनौच्या, नाशिकहून सुटणाऱ्या होत्या.

रेशनची आंतरराज्य सोय महाराष्ट्र-गुजरातमध्ये ऑगस्ट २०१९ पासून आहे. कुटुंबाचे काही धान्य बागेजवळच्या दुकानात व उरलेले पाड्यावर राहिलेल्या म्हाताऱ्यांना घेता येते, मात्र अंगठा जुळला तर. छाटणी-विरळणीने घासलेली बोटे यंत्राला अनेकदा ओळखता येत नाहीत. तेव्हा कार्यकर्ता सोबत जाऊन दुकानदाराकडून धान्य मिळवून देतो.