मानवी तस्करी प्रतिबंध (महाराष्ट्र)

माणसाला फसवून, धाक दाखवून, आमिषाने किंवा त्याच्या अडचणीचा फायदा घेऊन ताब्यात घेणे, दुसरीकडे नेणे, डांबून ठेवणे आणि त्याच्याकडून देहविक्रय, वेठ, भीक किंवा अवयव वसूल करणे म्हणजे मानवी तस्करी. ती रोखण्यासाठी महाराष्ट्रात गृह, महिला व बालविकास, कामगार आणि महसूल या खात्यांनी मिळून चालवलेल्या व्यवस्थेची ही नोंद आहे. नावांपासूनच घोळ आहे. राज्यघटनेच्या मराठी पाठात अनुच्छेद २३ मध्ये ‘माणसांचा अपव्यापार’ असा शब्द येतो, १९५६ चा कायदा ‘अनैतिक व्यापार’ म्हणतो, वर्तमानपत्रे ‘तस्करी’ लिहितात आणि पोलिसांच्या पाटीवर ‘अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष’ असते. ही पाटी वाचून कुणाला वाहतूक शाखा आठवली, तर दोष वाचणाऱ्याचा नाही.

मुंबई प्रांतात १९२३ मध्ये वेश्याव्यवसाय प्रतिबंधाचा आणि १९३४ मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. देवदासी प्रथा निर्मूलनाचा महाराष्ट्राचा स्वतंत्र अधिनियम २००५ चा आहे. पोलिसांच्या रोजच्या कामात मात्र केंद्राचा १९५६ चा अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियमच येतो. ठाण्यात आणि कोर्टात त्याला सगळे ‘पीटा’ (इंग्रजी नावाचे लघुरूप) म्हणतात. कुंटणखाना चालवणे, दलाली करणे, दुसऱ्याच्या देहविक्रयावर जगणे हे त्याखाली गुन्हे आहेत. देहविक्रय हा त्याखाली स्वतःहून गुन्हा ठरत नाही. हे अनेक सुशिक्षितांनाही माहीत नसते.

छाप्याची रीत ठरलेली असते. खबर आली की पंच बोलावतात. त्यांच्यासमोर बनावट गिऱ्हाइकाच्या हाती नोटा देऊन त्यांचे क्रमांक पंचनाम्यात उतरवून घेतात. सौदा ठरला की गिऱ्हाईक खाली थांबलेल्या पथकाला मिस्ड कॉल देतो आणि पथक वर चढते. झडतीच्या वेळी दोन महिला पोलीस आणि पंचांमध्ये निदान एक स्त्री असावी, असे कलम १५ सांगते. त्याच क्रमांकांच्या नोटा दलालाच्या खिशात सापडल्या, की गुन्ह्याला बळकटी येते. मुंबईत हे काम मुख्यतः समाजसेवा शाखेकडे, तर पुण्यात सामाजिक सुरक्षा विभागाकडे असते. दुसऱ्या दिवशी अमुक तरुणींची सुटका झाल्याची चार ओळींची बातमी येते. त्या तरुणी त्या रात्री कुठे झोपल्या, हे बातमीत नसते.

फेब्रुवारी १९९६ मध्ये हा प्रश्न सरकारच्या अंगावर आला. कुंटणखान्यांत अल्पवयीन मुली डांबल्याच्या वृत्तपत्रीय मजकुराची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पोलिसांनी कामाठीपुरा परिसरात छापे घालून चारशेहून अधिक मुली-महिला बाहेर काढल्या. त्यांत नेपाळी मुलींची संख्या मोठी होती. इतक्या जणींना ठेवायला ना पुरेशी वसतिगृहे होती, ना डॉक्टर. काहींचा निवाऱ्यातच मृत्यू झाला. नेपाळ सरकार सुरुवातीला त्यांना परत घ्यायला राजी नव्हते, आणि शेवटी तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी शंभरावर मुलींना काठमांडूला नेले. छापा घालण्याआधी निवाऱ्याची सोय पाहावी लागते, हा धडा प्रशासनाला या मुलींच्या हालांतून मिळाला.

दुसरा धडा २००२ चा. छाप्यात सोडवलेल्या मुलींच्या वतीने तोच वकील उभा राहिला, जो दलालांची बाजू मांडत होता. कामाठीपुऱ्यात १९८८ पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी रात्रीचे पाळणाघर चालवणारी ‘प्रेरणा’ ही संस्था त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने निर्देश दिले की अठरा वर्षांखालील मुलीला दंडाधिकाऱ्यापुढे नेऊ नये, तिला बालकल्याण समितीपुढे हजर करावे आणि आरोपीच्या वकिलाने तिचे वकीलपत्र घेऊ नये. आज ही गोष्ट इतकी उघड वाटते की ती सांगायला न्यायालय लागले याचेच नवल वाटते.

सज्ञान स्त्रियांचा पेच निराळा आहे. पीटाच्या कलम १७ खाली चौकशी करून दंडाधिकारी एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकतात. आरोपी जामिनावर सुटतो आणि ‘सुटका’ झालेली बाई आतच राहते, असे त्यामुळे घडू शकते. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मालाडच्या छाप्यातील तीन तरुणींना सोडून देताना, सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध असे अडकवता येणार नाही, हे स्पष्ट केले. पुनर्वसनासाठी केंद्राने २००७ मध्ये ‘उज्ज्वला’ योजना आणली. ती आता केंद्राच्याच ‘मिशन शक्ती’ योजनेतील शक्ती सदन या निवारागृहांत विलीन झाली आहे.

गोव्याने वेगळी वाट धरली. मडगावातील अनाथाश्रमाच्या आडून मुलांचे लैंगिक शोषण करणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९६ मध्ये शिक्षा झाली. पुढे आलेल्या गोवा बालक अधिनियम, २००३ मध्ये मुलांच्या तस्करीची व्याख्या आणि स्वतंत्र बाल न्यायालयाची तरतूद आहे.

तस्करी म्हटले की डोळ्यांपुढे कुंटणखाना येतो, आणि सरकारी यंत्रणेचेही बरेचसे तसेच झाले आहे. मजुरीसाठी होणारा व्यवहार तिच्या नजरेतून निसटतो. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील एका कातकरी मुलीच्या मृत्यूनंतर, आदिवासी मुले काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिली जात असल्याचे उघड झाले. इथे ‘दलाल’ हा शब्द कुणी वापरत नाही. इथले शब्द ‘उचल’ आणि ‘बयाणा’. गुन्हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली नोंदवावा लागतो. सुटका झालेल्या वेठबिगाराला सरकारकडून तातडीची मदत तीस हजार रुपये आहे, तर पूर्ण अर्थसाहाय्य प्रौढ पुरुषाला एक लाख, मुलांना व स्त्रियांना दोन लाख आणि अत्यंत गंभीर प्रकरणांत तीन लाख. त्यासाठी महसूल अधिकाऱ्याचे मुक्तता प्रमाणपत्र हवे आणि मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी बांधलेली आहे. ज्या घराने काही हजार रुपयांसाठी मूल दिले, त्याला खटल्याच्या निकालापर्यंत थांबायला सांगणारी ही योजना आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये शोषणाच्या व्याख्येत भीक आली, वेठबिगारीचे नाव मात्र आले नाही. मुलाच्या तस्करीला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे.

रेल्वे स्थानक ही या कामातली महत्त्वाची चौकी. गोवंडीच्या जरी कारखान्यात २००५ मध्ये एका मुलाचा मृत्यू झाल्यावर मुंबईत छाप्यांचे सत्र चालले आणि कारखान्यांतली अनेक मुले बिहारला परत पाठवली गेली. ‘ऑपरेशन मुस्कान’सारख्या मोहिमांत पोलीस फलाटांवर हरवलेली मुले शोधतात. पण संशयालाही चौकशीची जोड लागते. ३० मे २०२३ रोजी दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून भुसावळ आणि मनमाडला मिळून ५९ मुले उतरवण्यात आली. ती बिहारहून सांगलीकडे मदरशात शिकायला निघाली होती. सोबतच्या पाच जणांवर तस्करीचा गुन्हा दाखल झाला आणि त्यांना सुमारे महिनाभर कोठडीत राहावे लागले. मार्च २०२४ मध्ये लोहमार्ग पोलिसांनी गैरसमजातून गुन्हा नोंदवला गेल्याचे सांगत प्रकरण बंद केले.